मुलुनेश काय गात होती

देबेबेने इंजेराच्या आंबूस, जाळीदार पोळीचा तुकडा तोडला, कोंबडीच्या लालभडक रश्श्यात बुडवला, त्यात उकडलेल्या अंड्याची फोड गुंडाळली आणि इनेसच्या तोंडापुढे धरला.

"आ करा," तो म्हणाला. "पहिला घास स्वतःच्या हाताने खाल्ला तर इथे त्याला जेवण म्हणत नाहीत."

इनेसने डोळे मिटून घास घेतला. तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवरा दुआर्ते काहीतरी बोलला, पण ताटात बघत बोलला. देबेबे मोकळेपणाने हसला. इनेसही हसत होती, म्हणजे जमलं होतं.

समोर बसलेली मुथोनी मात्र हसली नाही. ती नैरोबीची, पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली, एकटीच प्रवासाला निघालेली बाई होती. लिस्बनच्या या जोडप्याशी तिची ओळख आज संध्याकाळचीच. तिने पाण्याचा ग्लास ओठांपुढे धरला आणि देबेबेकडे बघत काहीतरी विचारलं.

"हो हो, नक्की," देबेबे म्हणाला.

मुथोनीने ग्लास खाली ठेवला.

"मी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?" ती सावकाश म्हणाली.

"गोंदरचा." त्याने चटकन दुसरा घास बांधायला घेतला. "चांगलं गाणारे सगळे तिकडचेच. आता भेटतीलच तुम्हाला."

सव्वीस वर्षं तो पाहुण्यांना अदिस शहरातली संध्याकाळ दाखवत होता. आधी पियासा भागातल्या या खानावळीत जेवण, मग मधाची दारू, आणि शेवटी मुलुनेशच्या घरी गाणं. दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर त्याचा डावा कान गेला. मग उजवाही हळूहळू मिटत गेला. चर्चच्या घंटा आधी लांब गेल्या, मग गेल्याच. बायकोची तीस वर्षांची तक्रार होती की हा माणूस माझं ऐकत नाही. त्यामुळे तिला निराळं काही जाणवलं नव्हतं. सहलीच्या कचेरीत त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. ऐकू न येणारा वाटाड्या गाण्याच्या घरी लोकांना घेऊन जातो, हे कळल्यावर कोण ठेवणार होतं त्याला? तो ओठ बघायचा, चेहरे बघायचा. अंधारात बोलणाऱ्या माणसांची त्याला भीती वाटू लागली होती.

मुलुनेशचं घर गल्लीच्या टोकाला होतं. बुटकं दार, आत भिंतीला टेकून बाकं, जमिनीवर वाळलेलं गवत पसरलेलं, आणि छताला एकच लाल दिवा. त्या उजेडात माणसं, कपडे, दारूचे गोल पोटाचे चंबू, सगळं एकाच रंगाचं दिसे. शेजारपाजारचे पंधरा-वीस लोक आधीच बसले होते. देबेबे आत आला तसं नेहमीप्रमाणे कुणी उठून खांद्याला खांदा भिडवला नाही. एका म्हाताऱ्याने तर त्याच्यासाठी सरकून जागाही केली नाही. गर्दी आहे, देबेबेला वाटलं.

मसिंको वाजवायला बेलाचू नव्हता. कुणी तरी दुसराच माणूस त्या एकतारी वाद्यावर गज घासत बसला होता. बेलाचू म्हणजे मुलुनेशचा नवरा आणि देबेबेचा जन्माचा मित्र. दोघं एकाच ट्रकमध्ये मिठाच्या पोत्यांवर बसून गोंदरहून अदिसला आले होते. महिन्यापूर्वी पोटाचं दुखणं घेऊन बेलाचू गावाकडे गेला होता, तिथल्या मठातल्या पवित्र पाण्याने बरं वाटतं म्हणून.

देबेबे वादकापाशी वाकला. "बेलाचू आला नाही अजून?"

वादकाने वर पाहिलं, विचित्र नजरेने. गज तोंडासमोर होता. ओठांतला एकच शब्द देबेबेला सापडला, गोंदर.

"तिकडेच आहे होय? राहू दे, राहू दे," म्हणत त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. वादकाने पाठ आक्रसून घेतली.

मुलुनेश आतून आली. डोक्यावरून पदर, चेहरा थोडा उतरलेला. ती गाऊ लागली की समोरच्या माणसाकडे बघून जागच्या जागी ओळी रचायची. वरून थट्टा, आतून टोला. अर्थ लावणारा हुशार हवा. पण देबेबेने इतकी वर्षं तिचं ऐकलं होतं की ती कुणाकडे बोट करते, भुवई किती चढवते, यावरून आता काय येणार हे त्याला कळे. टकल्या पाहुण्यासाठी एक ओळ, ढेरपोट्यासाठी एक, नवराबायकोंसाठी दोन. गेलं वर्षभर तो त्या आठवणीवरच भाषांतर करत होता आणि एकदाही फसला नव्हता.

तिने पाहुण्यांकडे हात केला. मग तोच हात देबेबेकडे वळवला आणि गायली. चार ओळी, सावकाश. मसिंकोची कंप पावणारी तार त्याला दिसत होती.

दुआर्तेने त्याला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली?"

"म्हणतेय, समुद्रापलीकडच्या पाहुण्या, बायकोचा हात सोडू नकोस," देबेबे हसत म्हणाला. "असे डोळे आमच्या डोंगरात कुठे नाहीत. सकाळी ती सापडली नाही तर मला विचारायला येऊ नकोस, हा देबेबे पण चोरांना सामील आहे."

दुआर्ते खदाखदा हसला. इनेसने तोंड झाकलं. दुआर्ते तर उठलाच आणि खानावळीत पाहिलेला खांद्यांचा नाच करू लागला, टाळ्या पिटत. देबेबेनेही टाळ्या वाजवल्या.

बाकी कुणी वाजवल्या नाहीत. बाकांवरची माणसं दगडासारखी बसून होती. एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला. वादकाचा गज थांबला. दुआर्तेचे खांदे दोनदा उडाले आणि तोही अवघडून उभा राहिला.

मुलुनेश देबेबेकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी गायलं. सगळ्या घराच्या माना एकदम देबेबेकडे वळल्या, काहींच्या नजरा त्याच्या कोटावर. पाहुण्यांकडे बघत त्याने हसू तसंच धरून ठेवलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मुलुनेश वळली. तिचा चेहरा बदलला होता. तिने वादकाला खूण केली, स्वतः जोरात टाळी दिली, इनेसला हाताला धरून उठवलं आणि तिच्याभोवती नाचू लागली. तिची नजर बाकांवरून फिरत गेली, तसतशी एकेक करत माणसं नाइलाजाने टाळ्या वाजवू लागली. बघता बघता घर हललं. दुआर्ते पुन्हा खांदे उडवू लागला. पाहुण्यांना वाटलं असेल, मघाची शांतता हा गाण्याचाच भाग.

गाणं संपल्यावर मुलुनेशने देबेबेची बाही धरली आणि त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे स्वयंपाकघराच्या दारावर पांढरा दिवा होता. त्या उजेडात त्याने पाहिलं, तिचा झगा काळा होता. पदरही काळा.

तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"भाऊजी, माझ्या तोंडाकडे बघा. कधीपासून ऐकू येत नाही?"

"कुणी सांगितलं? आत गोंगाट आहे म्हणून—"

"भिंतीकडे तोंड करून मी काय म्हटलं?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"तुमच्या कोटाला आग लागलीय म्हटलं. म्हातारे-कोतारे वळून बघायला लागले. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

देबेबेचा हात आपोआप कोटाच्या कडेवरून फिरला.

"बेलाचू गेला," ती म्हणाली.

"हो, गोंदरला. तो वादक म्हणाला मला."

मुलुनेशने मान हलवली. दोन्ही हात छातीवर एकमेकांवर ठेवले आणि डोळे मिटले. मेलेल्या माणसाचे ठेवतात तसे. मग डोळे उघडून तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, कळलं का हे बघायला.

"एकोणीस दिवस झाले," ती म्हणाली. "माती झाल्याबरोबर पहिला फोन तुम्हालाच केला होता मी."

फोन त्याला आठवत होता. बसथांब्यापाशी खिशात थरथरला, पडद्यावर वहिनींचं नाव होतं. कानाला लावल्यावर मडक्यात माशी अडकावी तसं काहीतरी घुमलं. पाण्याने गुण आलेला दिसतो, हेच सांगत असतील, असं त्याने धरलं.

"मी काय म्हणालो?" त्याने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. देवाची कृपा, वहिनी, असं तो म्हणाला होता. फार बरं झालं. आता त्याला पडून राहू दे.

"तेच मी आत्ता गायले," मुलुनेश म्हणाली आणि गाण्यावाचून, नुसत्या ओठांनी, एकेक शब्द सुटा करून तिने त्याला ओळी सांगितल्या.

*घराचा खांब पडला माझ्या, गाव धावून आलं,*
*एक जिवलग म्हणाला मला, 'देवकृपेनं झालं.'*
*पाहुण्यांनो, तुमच्यातच तो बसलाय, त्याला विचारा,*
*मित्र मातीआड जाता का वाजवतो नगारा?*

"आणि तुम्ही त्याचं काय केलंत? त्या गोऱ्याला नाचवलंत."

"वहिनी..."

"चाळिसाव्या दिवसापर्यंत घरात बसायचं असतं मी. नाही बसता येत. आज पहिल्यांदा गायला उभी राहिले, आणि ठरवलं होतं, हा माणूस पाहुणे घेऊन आला की सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढायची." तिचा श्वास चढला. "सगळ्या गल्लीला सांगून बसलेय मी. तुमचं नाव घेतलं की लोक थुंकतात. आता दारोदार जाऊन काय सांगू? तो नीच नाही, बहिरा आहे?"

"नका सांगू," देबेबे घाईने म्हणाला. "कचेरीपर्यंत गेलं तर मला उद्याच—"

तो थांबला. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं त्याला वाटलं. तिथे राग नव्हता, आणि ते त्याहून वाईट होतं.

आतून कुणीतरी तिला हाक मारली असावी, कारण ती वळली.

"मी येतो," तो म्हणाला. "पाहुण्यांना अर्थ सांगायला कुणीतरी हवं."

"येऊन काय सांगणार, भाऊजी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. उत्तरासाठी क्षणभर थांबलीसुद्धा. मग पदर सारखा करून आत गेली.

देबेबे स्वयंपाकघराच्या भिंतीशी असलेल्या बाकावर बसला. उघड्या दारातून त्याला लाल उजेडाची एक पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत दुआर्तेचे खांदे येत-जात होते. मुलुनेशचा हात वर गेला, खाली आला. कोणती ओळ असेल ते त्याला ओळखता येत होतं. त्याने ओळखायचं नाही असं ठरवलं, तरी ओळखता आलं.

तो ट्रक आठवला. बेलाचूने मसिंको पोटाशी धरली होती, खड्ड्यांनी फुटू नये म्हणून, आणि स्वतःचं डोकं मात्र दर खड्ड्याला फळीवर आपटू दिलं होतं. देबेबेने खिशातून रुमाल काढला, तोंडावर घट्ट दाबला. पाहुणे आत आहेत. आवाज होता कामा नये. खाली बघत, दात आवळून, तो आपला गुपचूप रडत राहिला.

थोड्या वेळाने जमिनीवर सावली पडली. स्वयंपाकघरातली थोरली बाई हात पुसत समोर उभी होती. तिच्या मागे दुसरी, हातात सोललेला कांदा तसाच. त्या त्याच्याकडे अशा बघत होत्या की देबेबेने दाराकडे नजर टाकली. लाल पट्टीत आता खांदे हलत नव्हते. माणसं दारात येऊन दाटली होती. वादक उभा होता, गज खाली सोडून. मुलुनेश त्याच्या मागे.

तेव्हा देबेबेला कळलं की तो ओरडून रडत होता. किती वेळ, किती मोठ्याने, कुणास ठाऊक. त्याने थांबायचा प्रयत्न केला. थांबलं की नाही, हेही त्याला समजेना. त्याने घशावर हात ठेवला. घसा थरथरत होता.

थोरल्या बाईने पदराची काठाची बाजू गळ्याकडे घेतली, दुखवट्याला घेतात तशी, आणि त्याच्या शेजारी बसली. दुसरीने कांदा खिडकीत ठेवला आणि पलीकडे बसली. आत जागा न देणारा तो म्हातारा काठी टेकत आला आणि समोर पायरीवर टेकला. या सगळ्यांचं रडून झालं होतं एकोणीस दिवसांपूर्वी. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. देबेबेला त्यांची तोंडं दिसत होती, उघडलेली. छातीवर आपटणारे तळवे दिसत होते.

इनेस आणि दुआर्ते दारात एकमेकांना बिलगून उभे होते. दुआर्तेच्या हातात मधाच्या दारूचा चंबू होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. मुथोनी त्यांच्यामधून वाट काढत बाहेर आली. तिने खांद्यावरची शाल डोक्यावरून घेतली आणि बाकाच्या टोकाला उरलेल्या वीतभर जागेत बसली.

काय झालं, ते तिने विचारलं नाही. कुणी तिला सांगितलंही नाही.