डावीकडची पायरी

गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी कॉफी करून देते. शिवकुमार असते तर म्हणाले असते, "राजी, गाडी विकतेस की मुलगी दाखवतेस?" पण ते असते तर गाडी विकायला काढली असती कशाला? पोंगल झाला आणि आठवडाभरात माझा नवरा गेला. तेव्हापासून त्यांची नारळ वाहायची पिकअप गाडी तंजावूरजवळ ओरत्तनाडूला आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी. मला गाडी चालवता येत नाही. शाळेत शिकवायला मी आता बसने जाते, आणि येताजाता त्या गाडीकडे बघायचं टाळते.

"उभी राहिली की गाडी मरते," असं ते नेहमी म्हणायचे. खरंच निघालं की ते! आधी बॅटरी उतरली, मग उंदरांनी वायरी कुरतडल्या. मेकॅनिकला बोलावून मी सगळं नीट करून घेतलं आणि ठरवलं, बस्स, आता ही कोणाला तरी द्यायची. पण ऐऱ्यागैऱ्याला नाही. एक वीटभट्टीवाला आला, त्याला दुप्पट माल कोंबायचा होता. त्याला मी कॉफी संपायच्या आत वाटेला लावला. दुसऱ्याला वर भोंगे बांधून मिरवणुकीत फिरवायची होती. त्याला तर कॉफीसुद्धा दिली नाही. "रोज चालवणार का?" एवढंच मी विचारते. नारळ वाहा, खत वाहा, काय हवं ते वाहा, पण रोज चालवा.

गेल्या रविवारी सकाळी तंजावूरहून ऑटो करून दोघं आले. एक सत्तरीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्यांची तिशीतली मुलगी, हरिप्रिया. तिची रोपवाटिका आहे. कुंड्या आणि रोपं घरोघरी पोचवायला तिला रोजची गाडी हवी होती, आणि चालवणार ती स्वतः. हे सगळं तमिळमध्ये, अगदी अदबीनं सांगून झालं. मीही नवरा गेला म्हणून विकतेय ते सांगितलं. म्हाताऱ्यांनी आपलं नाव सांगितलं, रघुरामराव. 'राव' ऐकलं आणि मी कान टवकारले. तेवढ्यात ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "अगे, आधी बॉनेटवर हात ठेवून बघ. गार आहे का? ही लबाड माणसं गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात."

लबाड माणसं म्हणजे मी. पण देवाशप्पथ सांगते, राग आला नाही. मराठी! माझ्या अंगणात! मी कॉफीचं भांडं हातात धरून नुसती उभी राहिले.

माझं माहेर राजवाड्यामागच्या गल्लीतलं. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांतली रीतच अशी, की घरच्यांशी मराठी, बाहेरच्यांशी तमिळ. आणि दुकानात गेलं की दुकानदाराच्या तोंडावर आपसांत खुशाल मराठी बोलायचं, त्याला काय कळतंय! माझी आई साडीच्या दुकानात गोड हसत म्हणायची, "रंग जाणार हिचा, तोंड वाकडं कर," आणि मी इमानाने तोंड वाकडं करायची. रघुरामरावही तेच करत होते. ओरत्तनाडूत नारळवाल्याच्या बायकोला मराठी कळेल असं त्यांच्या सात पिढ्यांना वाटलं नसतं.

शिवकुमार मला मागायला पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बाबांनीही हेच केलं होतं. आई तेव्हा नव्हती. बाबा त्यांना तमिळमध्ये म्हणायचे, "कॉफी घ्या," आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "ड्रायव्हर गे हा. दात बघ त्याचे. ह्याच्या अंगाला डिझेलचा वास मारतोय." शिवकुमार बिचारे हसून मान डोलवत होते. त्यांना वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

मी लग्न केलंच. त्यानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तर बाबा दारात आले आणि म्हणाले, "वाम्मा, उक्कारु." ये बाई, बस. तमिळमध्ये! पोटच्या मुलीला! दार लावून घेतलं नाही त्यांनी. जेवूखाऊ घातलं, दिवाळीला साडी दिली, पण मराठी काढून घेतली ती घेतलीच. मी मराठीत विचारायची, ते खाली बघून तमिळमध्ये उत्तर द्यायचे. शेवटच्या दुखण्यात पाणी मागितलं तेही "तण्णी" म्हणून. मी पाजलं. मग बाहेर येऊन भिंतीशी उभी राहून रडले. मी बाहेरची झाले होते आणि बाहेरचीच राहिले.

शिवकुमारांना हे सगळं कळत होतं. माझ्यासाठी त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं. दुपारी गाडी जिथे असेल तिथून फोन करायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?" तेवढंच मराठी, पुढचं सगळं तमिळ. पण एक दिवस चुकला नाही. तो फोन बंद झाला आणि माझ्याशी मराठीत बोलणारं जगात कोणी उरलं नाही. म्हणून मी त्या दोघांसमोर गप्प राहिले. मला कळतंय असं कळलं असतं तर ते बोलायचे थांबले असते. शिव्या का असेनात, मराठीत होत्या.

म्हाताऱ्यांना गाड्यांतलं कळत होतं हे मात्र खरं. वाकून त्यांनी मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले, हौद्याचा तळ गंजलाय का ते नखाने खरवडून पाहिलं. "चालू कर, बाळा. धूर बघू दे. काळा नाही, निळा नाही, ठीक. क्लच हळू सोड. स्टेअरिंग पूर्ण फिरव. आपल्या गल्लीत, लायब्ररीकडच्या वळणावर वळली पाहिजे, नाहीतर रोज मागेपुढे करत बसशील." ते वळण मला ठाऊक होतं. त्याच वळणावर मी सायकलवरून पडले होते आणि बाबा धावत आले होते.

आणि ती मुलगी! बाप एवढ्या मायेनं 'बाळा, बाळा' करतोय आणि ही आपली "सेरिप्पा, सेरिप्पा", बरं अप्पा, बरं अप्पा, करत तमिळमध्ये उत्तरं देतेय. एक थोबाडीत द्यावीशी वाटली. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत नसते म्हणतात ते खोटं नाही.

हरिप्रिया गाडी घेऊन एक चक्कर मारायला गेली. रघुरामराव ओसरीवर बसून कॉफी पिऊ लागले आणि मला तमिळमध्ये विचारलं, "यजमान कसे गेले, अम्मा?"

मी खोटं बोलले नाही. "ह्याच गाडीत," म्हटलं. नारळ उतरवून ते तंजावूरहून परत येत होते. छातीत कळ आली तर गाडी रस्त्याच्या कडेला झाडाखाली नीट लावली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला आणि मग गेले. कोणाला साधा धक्काही लागला नाही. मागून येणाऱ्या बसवाल्याला वाटलं, माणूस झोप काढतोय. त्या दुपारी माझा फोन वाजला नाही, आणि मी मूर्खासारखी रुसून बसले होते.

हरिप्रिया हसतच परत आली. "अप्पा, वेण्णै मादिरी," म्हणाली, म्हणजे अगदी लोण्यासारखी चालते. दोघं गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहिले, म्हाताऱ्यांच्या हातात अजून कॉफी होती. मी त्यांच्यापासून चार हातांवर.

"गाडी चांगली आहे, त्यात वाद नाही," म्हातारे मराठीत म्हणाले. "रोजच्या वापराला ह्याहून भरवशाची मिळायची नाही. पण नवरा हिचा ह्यातच मेलाय. आणि बाई बघ कशी उभी आहे! डोळ्यांत टिपूस नाही. कपाळावर टिकली तशीच. त्या मेल्याला तरी कोण रडलं असेल कोणास ठाऊक."

मी भांड्याची कड घट्ट धरली. रडते की, रोज रडते, तुम्हाला दाखवायला रडू का? पण बोलले नाही. अजून थोडं ऐकू, अजून थोडं.

"घ्यायचीच असेल तर असं कर," ते पुढे म्हणाले. "सीट उपटून टाक. रंग बदल. आरशाला बांधलंय ते काय आहे ते तोड. आणि ही डावीकडची पायरी कोणा लंगड्यासाठी बसवलीय कोणास ठाऊक, ती आधी कापून टाक. त्या माणसाची कोठे खूणसुद्धा राहायला नको."

ती पायरी! शिवकुमार गाडी निवडायला निघाले तेव्हा मला प्रत्येक ठिकाणी बरोबर घेऊन गेले होते. विकणारा माल किती बसतो, डिझेल किती लागतं ते सांगत असायचा आणि हे म्हणायचे, "ते राहू दे. आधी हिला साडी नेसून चढता येतंय का बघू." माझा उजवा गुडघा अधू आहे. रोज सकाळी मला शाळेत सोडायचं म्हणून त्यांना गाडी अशी हवी होती, की मला चढताना कोणाचा हात धरायला लागू नये. तशी एकही मिळाली नाही. शेवटी ही घेतली आणि लोहाराकडे उभं राहून पायरी जोडून घेतली. माझ्या पावलाच्या मापाची.

"पायरीला हात लावायचा नाही!" मी ओरडले. मराठीत. केवढा मोठा आवाज निघाला माझा! "लंगडी मी आहे. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी बसवलीय ती. सीट फेका, रंग बदला, काय हवं ते करा, पण ती पायरी कापलीत तर बघा!"

रघुरामरावांच्या हातातली कॉफी शर्टावर सांडली. हरिप्रियाने "अय्यो" म्हणून तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता विचारतील. "अगे, तू आमच्यातली? कोणाची मुलगी? कोणत्या गल्लीतली?" असं विचारतील आणि मी सांगेन. खोटं कशाला बोलू, एवढं सगळं ऐकूनही मी त्याचीच वाट बघत होते. एकदा तरी मला 'अगे' म्हणा.

त्यांनी हात जोडले. खाली बघत म्हणाले, "मन्निच्चुडुंगम्मा." क्षमा करा, अम्मा. तमिळमध्ये.

"मराठीत बोला," मी म्हटलं. "मघापासून बोलत होतात ना? आता माझ्याशी बोला. शिवी द्या हवी तर, पण मराठीत द्या."

ते जमिनीकडेच बघत राहिले. मग हळूहळू, तमिळमध्येच म्हणाले, "कोणत्या तोंडाने बोलू, अम्मा? ज्या भाषेत तुमच्या माणसाला एवढं बोललो, त्याच भाषेत तुम्हाला काय म्हणू? लाज वाटते हो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते, नजर माझ्या पायांवर होती. अशीच नजर मी वर्षानुवर्षं बघितली होती. बाबा माझ्याशी बोलताना असेच खाली बघायचे. मला वाटायचं, राग.

बाबा, लाज होती का ती? शिवकुमार तुमच्या दुखण्यात रात्रंदिवस ह्याच गाडीतून तुम्हाला दवाखान्यात नेत-आणत होते, तेव्हा त्या दातांचं, त्या डिझेलच्या वासाचं बोलणं आठवायचं का तुम्हाला? अहो, मग एकदा सांगायचं होतं. मी ओरडले असते, आदळआपट केली असती, आणि मग कॉफी टाकली असती. की मीच आता माझ्या मनाची समजूत घालतेय? आता विचारू कोणाला?

म्हातारे निघायला लागले होते. मीच हरिप्रियाला थांबवलं. "रोज चालवणार का?" मी मराठीत विचारलं. तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावली. तिचे डोळे भरले होते. कळतं तिला सगळं, बोलायला मात्र जीभ वळत नाही. "मग घेऊन जा," मी म्हटलं.

कागदपत्रं झाली आणि शुक्रवारी ते दोघं गाडी न्यायला आले. मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सीट तशीच होती. आरशाला बांधलेला मोगऱ्याचा वाळका गजरा तिने काढला नाही. रघुरामराव डाव्या बाजूला गेले. त्यांचेही गुडघे गेलेले, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं, क्षणभर थांबले, आणि वर चढले. कोणाचा हात धरायला लागला नाही.

"हळू ने, बाळा," ते मुलीला मराठीत म्हणाले. मग खिडकीतून माझ्याकडे वळले, हात जोडले. "पोय्ट्टु वरोम, अम्मा." जाऊन येतो.

"या," मी म्हटलं, मराठीत. "सांभाळून जा."

लिंबं फुटली, गाडी फाटकातून बाहेर पडली. कडुनिंबाखाली तेलाचा एक डाग राहिला होता. मी तो पुसला नाही. दुपारी ताट वाढून घेतलं आणि सवयीने फोन जवळ ठेवला. तो वाजणार नव्हता, मला ठाऊक होतं. "हो, जेवते," मी मराठीत म्हटलं आणि जेवायला बसले. शिवकुमारांना म्हटलं की बाबांना, ते मला सांगता यायचं नाही.