नऊ खुर्च्या, चौदा हजेऱ्या

ताईला मिळणार होते आठवड्यातले दोन दिवस: मंगळवार आणि गुरुवार, घरून काम, साहेबाच्या परवानगीने. त्याबदल्यात द्यायचे होते बारा आठवडे. कागदावर मांडलं तर सौदा वाईट नव्हता, आणि ताई कागदावर मांडल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नसे.

ताई म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या चौदा जणांच्या टीमची प्रमुख. बाकीचे तेरा तिला ताईच म्हणत. त्यात तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा असलेला 'वकील'ही होता. वकील काही खराखुरा वकील नव्हता; पण कंपनीचं कुठलंही परिपत्रक आलं की त्याचा कीस पाडल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

या खेपेचं परिपत्रक असं होतं: चार वर्षं घरून काम झालं ते पुरे, आता पाचही दिवस ऑफिसात यायचं. माणसं समोरासमोर बसली की नव्या कल्पना सुचतात, असं खाली कारण दिलं होतं. वकिलाने टीमच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, "फुटलेल्या बंपरच्या दाव्यात कोणती कल्पना अपेक्षित आहे, ते कृपया कळवावे."

ताईला हसू आलं नाही. तीन महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांना झटका आला होता. हातपाय सावरले, वाचा गेली. मंगळवारी आणि गुरुवारी अकरा वाजता वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "समोर घरचं माणूस बसलेलं पाहिजे. मी तासभरच येते, खरं शिकवणार तुम्ही. आणि मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. पाणी हवं असेल तर निदान 'पा' तरी म्हणू देत. पहिल्या सहा महिन्यांत जीभ लवकर वळते, पुढे फार सावकाश."

ताई मनाची घट्ट. भरलेला ग्लास हातात धरून ती बाबांसमोर वीस-वीस मिनिटं बसायची. बाबा लालबुंद व्हायचे, आणि त्या संतापातच एखादा शब्द फुटायचा. तीन महिन्यांत सतरा शब्द. ते तिने वहीत तारीखवार उतरवून ठेवले होते.

साहेबाने तिचा अर्ज वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढला की तो माणसासारखा बोलतो, असा ऑफिसात समज होता.

"तुमची अडचण मला कळते हो. पण तुम्हाला आज सूट दिली, तर उद्या माझ्या दाराशी रांग लागेल. असं करा, या तिमाहीत टीमची हजेरी पंचाण्णव टक्के करून दाखवा. मग मी वर छातीठोकपणे सांगतो, की टीम जागेवर आहे, बाईंना दोन दिवस द्यायला हरकत नाही."

"लेखी मिळेल का?"

"म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

ताई म्हणाली, "तसं नाही, सर." भाजीवाल्याला ती एवढ्या सहज सोडत नसे.

पंचाण्णव टक्के म्हणायला सोपं होतं. घरून कामाच्या काळात कंपनीने अर्धा मजला भाड्याने देऊन टाकला होता, त्यामुळे चौदा माणसांच्या वाट्याला नऊ टेबलं आली होती. हजेरी घेत होतं मशीन. टेबलावरचा कोड मोबाइलने स्कॅन करायचा. त्या खुर्चीवर चार तास नोंदले गेले की तुमचा दिवस भरला. खुर्ची नाही तर हजेरी नाही. पहिल्याच सोमवारी वकील दोन बस बदलून सव्वानऊला पोचला तेव्हा नऊही खुर्च्या गेल्या होत्या. तो जिन्यात बसला, लॅपटॉप मांडीवर घेऊन अकरा दावे निकालात काढले आणि संध्याकाळी गैरहजर ठरला.

"दिवसभर ऑफिसात राहून रजा पडलेला मी पहिलाच," तो कंबर चोळत म्हणाला. "माझा सत्कार करा."

आठवडाभर सकाळी आठ वाजता दारात धक्काबुक्की. पन्नाशीची माणसं टेबलावर रुमाल टाकून जागा धरू लागली. हजेरी चौसष्ट टक्के. ताईची झोप उडाली, कारण तिच्या बारा आठवड्यांतला एक तर असाच वाया गेला होता.

शुक्रवारी ती कागद घेऊन बसली. चार तासांत दिवस भरतो, म्हणजे एका खुर्चीत दोन दिवस मावतात. चार जण कायमचे बसवले, उरलेल्या पाच खुर्च्या दहा जणांना वाटल्या: पाच जण आठ ते साडेबारा, पाच जण साडेबारा ते पाच. चार आणि दहा, चौदा. ज्याची पाळी नाही त्याने घरून काम करावं. मशीनची हरकत असायचं कारण नव्हतं. साहेब दुपारी डोकावे, तेव्हा नऊच्या नऊ खुर्च्या भरलेल्या; त्यावरचे चेहरे सकाळचेच आहेत की नाहीत, हे त्याने कधी पाहिलं नाही.

टीम खूश. दहा जणांना रोज अर्धा दिवस घर मिळालं, दावे उलट लवकर निघू लागले आणि हजेरी नव्याण्णववर जाऊन बसली. ताई कायमच्या चौघांत. साडेबाराची अदलाबदल तीच उभी राहून करून घ्यायची: "उठा उठा, कोड सोडा, पुढचा स्कॅन करा, बॅग उचला आधी!" स्टेशनवरचा हमाल बरा, इतकी तिची धांदल.

मंगळवारी-गुरुवारी अकरा वाजता मात्र तिचं चित्त खुर्चीत राहत नसे. ती जिन्यात येऊन घरी फोन लावायची. घरी बाबांजवळ दिवसभर मावशी असत, कामाला ठेवलेल्या, पण जीव लावणाऱ्या.

"बाई आल्या का? आज काय म्हणाले बाबा?"

"आज काही नाही म्हणाले. पण जेवले पोटभर."

"पाणी मागितलं?"

"बोट दाखवलं ना. मी दिलं."

"मावशी, बोट दाखवल्यावर द्यायचं नाही, सांगितलंय ना!"

"अहो ताई, डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. माझ्याच्याने नाही बघवत."

दुसऱ्या शहरातून दादाचा फोन आला की तो सल्ला द्यायचा, "तू त्यांना जास्त वेळ दे." सल्ल्याला भाडं पडत नाही, त्यामुळे तो नियमित येई.

पाचव्या आठवड्यात वकिलाने तिला जिन्यात गाठलं. "ताई, एक सांगू? मंगळवार-गुरुवारी तुम्ही दुपारची पाळी घ्या. सकाळी तुमच्या खुर्चीत मी बसतो. अकराला घरी असाल, साडेबाराला इथे. कुणाला पत्ता लागणार नाही."

ताईने क्षणभर विचार केला. अगदी क्षणभरच.

"साहेब सकाळी पहिली मला शोधतो. मी दिसले नाही आणि एखाद्या दिवशी बिंग फुटलं, तर सूट गेली. आणखी सातच आठवडे आहेत, मग रीतसर मिळेल."

"रीतसर?" वकील म्हणाला. "आपण सगळे बेरीतसर बसलोय, आणि तुम्हाला तेवढं रीतसर हवं?"

"हो, हवं. चोरून नको."

वकिलाने हात जोडले आणि तो आपल्या पाळीला गेला.

बारा आठवडे भरले. शहाण्णव पूर्णांक दोन टक्के. ताईने तक्ता सुबक करून साहेबाला पाठवला आणि खाली एक ओळ अभिमानाने जोडली: 'उपलब्ध टेबलं नऊ, तक्रारी शून्य.' तिसऱ्या दिवशी साहेबाने बोलावलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

"अभिनंदन! तुमचा तक्ता वरच्या बैठकीत पडद्यावर दाखवला. सूट न देता हजेरी कशी येते, याचं उदाहरण म्हणून. इतर विभागांत ज्या अकरा जणांना सूट होती, तीही आता बंद होतेय. तुमच्या टीमला जमतं तर सगळ्यांना जमतं."

"आणि माझा अर्ज, सर?"

"अहो, आदर्श टीमच्या प्रमुखालाच सूट दिली तर मी वर काय तोंड दाखवू? पण तुम्हाला रिकाम्या हाताने नाही पाठवत." तो खरोखरच खूश होता. "बक्षीस म्हणून पाच टेबलं मंजूर केलीत. सोमवारपासून चौदा जणांना चौदा खुर्च्या. आता कुणाची गैरसोय नाही."

ताई जिन्यात आली तेव्हा वकील तिथे उभाच होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "सांगून टाका खरं. हे शहाण्णव टक्के अर्ध्या अर्ध्या दिवसांचे आहेत म्हणून."

"सांगितलं तर तुम्हा दहा जणांच्या हजेऱ्या खोट्या ठरतील. नोकऱ्या जातील."

"मग?"

"मग काय, सोमवारी पाच टेबलं येतायत. सामान सरकवून जागा करू या."

रविवारी सकाळी ती बाबांसमोर बसली. मावशींना सुट्टी होती. बाबांनी ग्लासकडे बोट दाखवलं. तिने ग्लास हातात घेतला आणि वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. बाबा चिडले नाहीत. त्यांनी बोट खाली घेतलं, भिंतीकडे तोंड केलं आणि तहानलेलेच पडून राहिले. जीभ लवकर वळण्याचे ते सहा महिने मंगळवारीच पुरे झाले होते. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी ती वेळ दुसऱ्या घराला दिली होती, जिथे समोर बसायला माणूस होतं. ताईने ग्लास त्यांच्या ओठांना लावला.

मग तिने वही उघडली. सतरानंतर मावशींनी तिच्या सांगण्यावरून दोन शब्द लिहिले होते, आणि आधीच्या सतरांपुढे बाईंच्या अक्षरात सहा ठिकाणी 'आता येत नाही' असं होतं. म्हणजे उरले तेरा. साहेबाला वरच्यांची शाबासकी मिळाली, कंपनीला उदाहरण मिळालं, टीमला पाच टेबलं मिळाली आणि दहा जणांचे अर्धे दिवस गेले. परक्या विभागांतल्या अकरा जणांची सूट गेली. त्यांना ताईचं नावही ठाऊक नव्हतं. ताईचे बारा आठवडे गेले, पण ते तिने आपल्या मर्जीने पणाला लावले होते. बाबांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि सगळ्यात जास्त किंमत भरली ती त्यांनी.