पोट नसलेलं शीड

बाभळीच्या फळकुटावर कानस चालते आहे. भुसा तांबूस पडतो.

*

चौसाळ्याच्या नाक्यावर साखर कारखान्याचे चेअरमन मोहनराव हात जोडून उभे आहेत. वाढदिवस उन्हाळ्यातच होऊन गेला, पण फ्लेक्सवरचे हात अजून सुटलेले नाहीत.

*

भंगाराच्या दुकानात एक माणूस जीपच्या इंजिनाखालचं रबर दाबून बघतो, पिळतो, पुन्हा दाबतो.

"जीप कोणती हाय?" दुकानदार विचारतो.

"जीप न्हाई," माणूस म्हणतो.

*

टँकर आला. हंडे पळाले.

*

ऑगस्ट. वारं लई, पाऊस न्हाई.

*

कारखान्याच्या गोदामात, साखरेच्या फाटक्या पोत्यांखाली, माणसाच्या दुप्पट लांबीची एक पांढरी फळी. तिच्या पोटाला भेग आहे. भेगेत मुंग्यांचं घर.

*

कानस, रबर, फळी, ही सगळी एकाच माणसाची धावपळ. राधाकिशननं कानस बाजूला ठेवली, बाभळीचा पंख फळीच्या बुडाशी धरून पाहिला आणि तो चपखल बसला तेव्हा त्याच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. फळी पाण्यावर सरळ जायची तर खाली हा पंख हवा. मूळचा पंख कधीचाच तुटून तळ्याच्या गाळात गेला होता. डोलकाठी मधोमध मोडली होती, ती त्यानं तुषार सिंचनाच्या पाइपाचा तुकडा आतून घालून जोडली. काठी फळीवर चारी दिशांना वळावी म्हणून जीपचं रबर. हातात धरायच्या दांडीला मोटारसायकलची ट्यूब गुंडाळली. पाय अडकवायला जीपचेच पट्टे. भेग बुजवली. राहिलं होतं ते शीड, आणि शीड उंदरांनी खाल्लं होतं.

तळं भरलेलं आणि साखरेला भाव होता त्या काळात कारखान्यानं जलक्रीडा केंद्र काढलं होतं. परदेशातून शिडाच्या फळ्या आल्या. शिकवायला पुण्याहून एकजण आला. गावच्या पोरांत एकटा राधाकिशन असा निघाला की ज्याला वारा कळला. पुण्याचा गेला, राधाकिशन राहिला. मग तळंही आटून गेलं. राधाकिशन मात्र हजेरीपटावर 'जलक्रीडा प्रशिक्षक (हंगामी)' म्हणून तसाच होता, आणि दर हंगामात वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं घेत होता. त्याच्या मागून लागलेले कायम झाले. प्रशिक्षकाला कायम करायचं तर आधी पाणी पाहिजे, असं हापिसात हसत हसत सांगितलं जायचं.

गेल्या परतीच्या पावसानं तळं अर्धं भरलं आणि चेअरमनना जुनं केंद्र आठवलं. केंद्र चालू आहे असं दाखवलं की सरकारी अनुदान येतं, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. हापिसचे सुपरिंटेंडेंट विठ्ठलराव गोदामापर्यंत आले. आत मात्र आले नाहीत, धोतराला कोळिष्टकं लागतील म्हणून.

"नव्या सामानाला मंडळ दमडी देणार न्हाई. जुनं हाय ते नीट करा आन चेअरमन सायबाला चालवून दाखवा. चाललं तर तुमाला कायम करतो."

"आन न्हाई चाललं तर?"

"तर मग प्रशिक्षकाचं पद कशाला ठेवायचं, राधाकिशन? तुमीच सांगा."

घरी त्याच्या बायकोनं, सत्यभामानं, हे ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"दुनिया टँकरमागं पळायली," ती म्हणाली, "आन तुमी पाण्यावर उभं ऱ्हायला निघाले."

पण रात्री त्याच्या जुन्या चड्डीची नाडी तिनंच बदलून ठेवली.

*

सत्तारचं दुकान चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर छपराला घालायच्या ताडपत्र्या शिवायच्या आणि शेततळ्यात अंथरायचा काळा प्लास्टिकचा कागद गरम हवेच्या मशीननं जोडून द्यायचा, हा त्याचा धंदा. तो आणि राधाकिशन एका वर्गात नापास झालेले. शेततळ्याच्या कागदाचे उरलेले तुकडे सत्तारकडे ढिगानं पडलेले होते.

"सरळ जोडू का?"

"सरळ न्हाई. हे बघ." राधाकिशननं खडूनं प्रत्येक तुकड्याच्या कडेला कमान काढली. "असं कापायचं आन वाकडं वाकड्याला जोडायचं. मंग मधे फुगतंय. शिडाला पोट लागतं. पोट असलं तरच ते वारं धरतंय."

सत्तारनं मान तिरकी करून कमानीकडे पाहिलं.

"हे तर ब्लाउजचं काम हाय बे. अब्बा लेडीज टेलर होते, आमी आपले तळी जोडीत बसलो."

दिवसभर मशीन फुरफुरत होतं. संध्याकाळी दोघांनी ते काळं शीड दुकानासमोर उभं धरलं, तेव्हा हमरस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्यानं शीड टम्म फुगलं. सत्तार दोन पावलं ओढला गेला. सत्तारनं शिडावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन दुकानात आला तो ऊन वर चढल्यावर.

"काय झालं?" सत्तारनं विचारलं.

"धरतंय."

सत्तारनं त्याच्याकडं खालपासून वर पाहिलं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता, त्याच्या वर सगळा कोरडा.

"कपडे तर कोरडे हाईत. पाण्यात गेलाच न्हाईस का?"

"गेलतो," राधाकिशन म्हणाला आणि पाणी प्यायला माठाकडं वळला.

*

"हे काय हाय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"शीड."

"रंग कोणता हाय?"

"शेततळ्याचा कागद काळाच येतो, सायेब."

"मला काळा दिसतोय की न्हाई एवढंच विचारतोय मी."

"काळाच हाय."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आसपासच्या गावांनी जाहीर केलं होतं की तळ्यातलं पाणी प्यायला ठेवा, कारखान्याला नेऊ नका. नाही तर फळी चालवून दाखवायच्या कार्यक्रमाच्या दिवशी चेअरमनना काळे झेंडे दाखवू.

"त्यायनी हातभर फडकं काढलं तर पोलीस गाडीत घालणार हायेत," विठ्ठलराव म्हणाले. "आन तुमी दोन पुरुष उंच काळं निशाण घेऊन सायबाच्या म्होरून जाणार? कारखान्याचा माणूस?"

"रंग मारतो त्याला."

"मारा."

त्यानं मारला. पांढरा, मग दाराला मारतात तो निळा. वाळल्यावर शीड वाऱ्याला लावलं की साप कात टाकतो तसा रंग उतरायचा आणि आतून परत काळं निघायचं.

*

चौसाळ्याच्या नाक्यावरचे मोहनराव खाली उतरवले गेले. उतरवताना विठ्ठलराव स्वतः हजर होते, पाय लागू नये म्हणून. शिडाला कापड फुकट होतं, मोठं होतं, आणि विठ्ठलरावांच्या मते त्यात एका दगडात बरेच पक्षी पडत होते. सत्तारच्या दुकानात चेअरमन जमिनीवर आडवे झाले. फेटा, कपाळ, गंध, मिशा, हार, जोडलेले हात.

राधाकिशन गुडघ्यावर बसला आणि त्यानं खडूनं कमानी काढायला घेतल्या. पहिली कमान फेट्यातून गेली. दुसरी डोळ्याच्या खालून गालावर उतरली.

"ही रेघ कशाची?" विठ्ठलराव मागं उभे होते.

"इथं कापायचं आन जोडायचं."

"गालावर?"

"गालावर, हनुवटीखाली, हिकडं छातीवर. त्याबगर पोट येत न्हाई."

"गळा कापता सायबाचा?"

सत्तार मशीनशी खेळत बसला होता. तो म्हणाला, "जोडून देतो की सायेब, कळणार बी न्हाई. न्हाई तर उलटं वापरू, मागून पांढरं हाय."

"म्हंजे सायबाचं तोंड आतल्या अंगाला?"

"शिडाला आत-बाहेर नसतंय, सायेब. जाताना एक बाजू दिसंल, येताना दुसरी."

"दोन्हीकडून सायेब दिसले पायजेत असं मी म्हणत न्हाई," विठ्ठलराव मोठ्या मनानं म्हणाले. "पण दिसतील तेव्हा आख्खे दिसले पायजेत. नाकावर शिवण नको, कपाळावर नको, गळ्यावर तर न्हाईच न्हाई. उद्या कुणी फोटो काढला आन पेपरात दिला तर तुमाला आन मला उभ्या जल्मात कुणी वजनकाट्यावर बी उभं करणार न्हाई."

"सपाट शीड म्हंजे दार हाय," सत्तार म्हणाला. "वारं दारावर धडका मारतंय. दाराला घेऊन जात न्हाई."

विठ्ठलरावांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"राधाकिशन, तुमी सांगा. प्रशिक्षक तुमी हाव. असंच आख्खं ठेवलं तर जमंल का न्हाई?"

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि चेअरमनच्या कडा जरा उचलल्या. राधाकिशननं त्या हातानं दाबून धरल्या. त्याच हाताच्या अंगठ्यानं त्यानं गालावरची खडूची रेघ पुसायला सुरुवात केली, हळूहळू, आंघोळ घातलेल्या मुलाचं तोंड पुसावं तसं. हनुवटीखालची पुसली. फेट्यातली पुसली.

"जमंल," तो म्हणाला.

सत्तारनं मशीनचं बटण बंद केलं.

"मंग माझं काय काम. कडा दुमडून देतो, घेऊन जा."

जाताना विठ्ठलराव दारात थबकले.

"आन ते काळं आधी हितून हलवा. झेंडेवाल्यांच्या हाती लागलं तर त्यायला आयतंच होईल."

*

कार्यक्रमाच्या दिवशी आभाळ भरून येत होतं आणि वाऱ्याबरोबर पुढं निघून जात होतं. तळ्याच्या काठावर मांडव. बांधाच्या टोकाला पोलिसांची गाडी, तिच्या पलीकडं माणसांची काळी ओळ. इतकी लांब की त्यांच्या हातात काय आहे ते दिसत नव्हतं. पाणी महिन्याभरात खूप मागं सरकलं होतं. मांडवापासून पाण्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागत होतं.

राधाकिशन फळीवर चढला. दोरीनं शीड ओढून उभं केलं. त्याच्या तोंडासमोर फ्लेक्सची पांढरी पाठ आली. जुन्या शिडाला पलीकडचं दिसावं म्हणून पारदर्शक खिडकी असायची. याला ती ठेवता आली नव्हती, कारण ती चेअरमनच्या तोंडावर आली असती. तेव्हा त्याला मांडव दिसेना, बांध दिसेना. वारा मात्र कळत होता. चांगला वारा होता. असा वारा वर्षातून थोडेच दिवस येतो.

त्यानं शीड आवळलं. वारा येऊन शिडावर आदळला आणि दोन्ही कडांनी निसटून गेला. फ्लेक्स फडफडलं. फळी पुढं जायच्या ऐवजी आडवी सरकायला लागली, बाजारात ढकललेल्या माणसासारखी. त्यानं पाय बदलले, काठी मागं झुकवली, गुडघे वाकवले. पुण्याच्या माणसानं शिकवलेलं सगळं केलं. मग खालून एक ओला, जाड आवाज आला. बाभळीचा पंख गाळात रुतला होता.

फळी थांबली. पाणी त्याच्या घोट्याशी होतं.

आता शीड सोडून द्यायचं, उतरायचं आणि चिखलातून चालत परत जायचं, एवढंच राहिलं होतं. त्यानं हात सैल केला, तेवढ्यात काठावरून टाळ्या पुसट ऐकू आल्या. त्यानं शिडाच्या कडेनं डोकावून पाहिलं. मांडवातली माणसं उठून उभी राहिली होती. तळ्याच्या पाण्यावर चेअरमन मोहनराव आख्खे, हात जोडून, न हलता उभे होते. फोटो काढणारे चिखलात उतरले होते. विठ्ठलराव काठावर येऊन दोन्ही हातांनी खुणा करत होते. पहिल्यांदा त्याला वाटलं, ते बोलावताहेत. मग कळलं. ते म्हणत होते, धरा. पडू देऊ नका.

त्यानं धरलं.

भाषणं झाली. वारा त्याच्याकडून मांडवाकडं होता, म्हणून त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही. चेअरमन माइकवर काहीतरी म्हणाले, लोक हसले, परत टाळ्या पडल्या. दंड भरून आले तेव्हा त्यानं काठी खांद्याला लावली. बांधाच्या टोकाची काळी ओळ केव्हा नाहीशी झाली ते त्याला दिसलं नाही.

मांडव मोकळा झाल्यावर विठ्ठलराव धोतर वर धरून पाण्याच्या कडेपर्यंत आले.

"खूश हायेत सायेब. म्हणाले, किती थिर उभं केलंय. हे हितंच ऱ्हाऊ द्या म्हणाले. पाणी गेलं तरी रस्त्यावरून दिसंल."

"हितंच?"

"आन तुमाला कायम केलं. माइकवर सांगितलं की, ऐकलं न्हाई?"

"वारं उलटं होतं," राधाकिशन म्हणाला.

*

आठ दिवसांत कारखान्याच्या माणसांनी डोलकाठी सिमेंट भरलेल्या टिपाडात पक्की केली. जीपचं रबर काढून टाकलं. वळायची आता गरज नव्हती. राधाकिशनचा नवा हुद्दा 'देखरेख' असा पडला. सकाळी जायचं, तणाव्याच्या दोऱ्या आवळायच्या, बगळ्यांनी फेट्यावर केलेली घाण ओल्या फडक्यानं पुसायची. दिवाळीपर्यंत पाणी पार पलीकडं गेलं आणि त्याला बूट घालून जाता यायला लागलं. चिखल तडकला. फळी उलटी करून त्यानं बसायला घेतली.

एकदा सत्तार मोटारसायकलवरून तिकडून जाताना थांबला. दोघं फळीवर बसले, चेअरमनच्या सावलीत.

"कायम झालास म्हणं."

"झालो."

"पेढे न्हाई दिले बे."

"देतो."

सत्तारनं तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली.

"ते काळं मी एका शेततळ्याला ठिगळ म्हणून लावलं. त्या तळ्यात बी पाणी न्हाई."

राधाकिशननं मान हलवली. वरती फ्लेक्स वाऱ्यावर धडधडत होतं, कडी लावलेल्या दारासारखं. तो उठला, एक दोरी सैल झाली होती ती आवळली आणि परत येऊन बसला.

काळं शीड पहिल्यांदा पाण्यावर नेलं त्या सकाळी राधाकिशन बांधापासून पलीकडच्या काठापर्यंत गेला होता आणि एकदाही न पडता परत आला होता. तळ्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.