दोन अक्षरे आधी

काजवाली नऊ वर्षे मास्तरांच्या डाव्या हाताला बसून ताल धरत आली होती. मास्तर कोन्नकोल शिकवत, म्हणजे हातात वाद्य न घेता मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या. त्या विद्येत जीभ कितीही दूर धावली, तरी तिला घरी परत आणायला कुणाचा तरी हात लागतो. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटे, पुन्हा टाळी, उताणा हात, टाळी, उताणा हात. असे आठ ठोके झाले की एक आवर्तन पुरे. शर्टांच्या कारखान्यात दिवसभर काजे करणारी ही बाई वर्गात आली, तेव्हा कुणीतरी चेष्टेने तिला काजवाली म्हटले आणि ते नाव चिकटले. मशीनच्या खडखडाटात ओठांतल्या ओठांत 'तकिट तकधिमि' घोळवत तिने पाच, सात, नऊ अक्षरांचे अवघड बोल पक्के केले होते.

शेजारच्या मशीनवरची म्हणे, "अगं, नवऱ्याला शिव्या देतेस की मंत्र म्हणतेस?"

"दोन्ही. पण तालात."

यंदाच्या वार्षिक बैठकीत मास्तरांनी तिला पंधरा मिनिटे दिली होती. एकटीला, माइकसमोर, नऊ वर्षांत प्रथमच. मास्तरांचा भाचा चार वर्षांपूर्वी शिकायला लागला आणि तीनदा एकटा बसून मोकळा झाला. "तुझा हात माझ्याजवळ लागतो, म्हणून तुला अडकवून ठेवलं," मास्तर म्हणाले होते. "यंदा मात्र माझं संपलं की लगेच तू." तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि थोरल्या बहिणीला बोलावले.

"तुझं ते तकतक ऐकायला मी दोन बस बदलून येऊ?" असे म्हणून बहीण आली, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून तिसऱ्या रांगेत बसली.

बैठक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. पहिल्या रांगेत सारे जाणते बसले होते. ते नुसते ऐकत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या मांडीवर ताल मोजत असतो, आणि गाठ कुठे सुटते यावर त्याचा डोळा असतो.

एकाहत्तर वर्षांच्या मास्तरांची जीभ त्या संध्याकाळी सुरेख चालली. शेवटाकडे ते तिर्मानावर आले. एकच बोल तीनदा म्हणायचा, मध्ये दोन वेळा तीन-तीन अक्षरे गप्प राहायचे, आणि शेवटचे 'तोम्' नव्या आवर्तनाच्या पहिल्या टाळीवर नेमके टेकवायचे. पहिल्या वेळी मास्तर दोनच अक्षरे गप्प राहिले.

दुसऱ्या वेळीही ते दोनच थांबणार, हे काजवालीला ठाऊक होते. गेले दोन महिने वर्गात हेच चालले होते. ती हळूच म्हणे, "मास्तर, तीन," आणि ते म्हणत, "बरं, बरं." म्हणजे आता ते दोन अक्षरे आधी पोहोचणार, ठोका चार अक्षरांचा, तेव्हा अर्धा ठोका आधी. त्यांचे 'तोम्' टाळीशिवाय अधांतरी पडणार, तेही चाळीस वर्षे त्यांना मानत आलेल्या माणसांसमोर. विचार करायला सवड नव्हती. तिने शेवटचे दोन ठोके आखडून घेतले आणि मास्तरांच्या 'तोम्'खाली आपली टाळी सरकवली.

पहिल्या रांगेतले हात अजून उताणेच होते. ते अर्ध्या ठोक्याने खाली आले आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे वळल्या. मास्तरांनीही तिकडेच पाहिले. मग ते माइकमध्ये हसून म्हणाले, "हात पळाला! काजवालीला घरी जायची घाई झालेली दिसते."

सभागृहात हशा पिकला. बहीणही हसली; सगळे हसताहेत त्या अर्थी काहीतरी गमतीचे असणार, अशा समजुतीने.

"दमलीय ती आज," मास्तर पुढे म्हणाले आणि त्यांनी भाच्याला खूण केली. "ये, तू बस."

त्या पंधरा मिनिटांचा तालही तिनेच धरला.

बैठक संपल्यावर खुर्च्या रचून ठेवण्याच्या खोलीत तिने मास्तरांना गाठले. "मास्तर, तीन अक्षरं थांबायचं होतं. तुम्ही दोन थांबलात."

मास्तर चष्मा पुसत होते. "माहितीय."

"माहितीय?"

"तोंडातून गेलं तेव्हाच कळलं. तू सावरलंस, छान केलंस."

"मग माइकवर तसं का म्हणालात?"

"मग काय म्हणू? मला तीनपर्यंत मोजता येत नाही म्हणून?" त्यांचा आवाज चढला, मग दाराकडे बघून उतरला. "हे बघ बाई, तू उद्या कारखान्यात जाशील. तुझा हात चुकला काय नि राहिला काय, कोण विचारतंय? माझं मात्र सगळं याच्यावरच उभं आहे. पुढच्या वर्षी देतो तुला. नक्की."

बस थांब्यावर बहीण म्हणाली, "नऊ वर्षं शिकतेस, आणि टाळी वेळेवर वाजवता येत नाही होय गं?"

काजवालीने तोंड उघडले. पण चूक कुणाची हे सांगायचे, तर आधी आठ ठोके, मग चार अक्षरे, मग तिर्मान, सारेच बहिणीला शिकवायला हवे होते. "बस आली," ती म्हणाली.

रविवारी वर्गात मास्तरांनी तेच तिर्मान घेतले. समोर दहा विद्यार्थी होते. मास्तर दोन अक्षरे थांबले, पुन्हा दोनच थांबले, आणि 'तोम्' म्हणाले. अर्ध्या ठोक्याने, जिथे पडायला हवी होती तिथे, काजवालीची टाळी पडली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा तसेच झाले. समोरचे दोघे-तिघे एकमेकांकडे पाहू लागले.

"काजवाली, हात."

"हात जागेवर आहे, मास्तर."

भाचा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या मांडीवरचा हात दोन्ही वेळा तिच्या टाळीबरोबरच पडला होता. तिने तो पाहिला होता आणि तिने पाहिल्याचे त्यालाही कळले होते. त्याने एकवार मामांकडे पाहिले. मग तो तिला म्हणाला, "ताई, मामांचं बरोबर आहे. तुमचाच हात मागे राहतोय."

"तू जरा मागे बस," मास्तर तिला म्हणाले. "ताल हा धरेल."

ती उठून शेवटच्या विद्यार्थ्याच्या मागे जाऊन बसली. भाचा मास्तरांच्या डाव्या हाताला बसला. मास्तर दोन अक्षरे थांबले, पुन्हा दोनच थांबले. भाच्याने काम तिच्यापेक्षा सफाईने केले. नुसते शेवटचे दोन नव्हेत, चार ठोके त्याने थोडे थोडे आखडले आणि टाळी 'तोम्'वर अलगद बसवली. दहा जणांत कुणाच्याच ते लक्षात आले नाही.

"बघा," मास्तर म्हणाले, "ताल असा धरायचा असतो."

दहाही जणांनी ते वहीत लिहून घेतले.