धाकटीचा दुसरा चॅनेल

"पहिला चॅनेल बंद केला की दुसराही गप्प बसतो," सरांनी प्रयोगशाळेच्या बैठकीत जाहीर केलं. "दुसरा पहिल्याच्याच तालावर नाचतो. त्याच्यासाठी औषध शोधण्यात अर्थ नाही. पुढच्या तिमाहीत हे काम गुंडाळू."

मी तडकलेच. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी या चॅनेलांमधून, म्हणजे आपल्या सूक्ष्म दारांमधून, क्लोराइड हा मिठातला घटक बाहेर सोडतात. पाठोपाठ पाणी येतं, म्हणून कफ पातळ राहतो. माझ्या धाकट्या बहिणीत पहिला चॅनेल जन्मापासूनच नाही. तिचा कफ डिंकासारखा. दुसऱ्याचा नाद सोडायचा म्हणजे तिचाच सोडायचा.

"सर, पहिला आपण रसायन घालून बंद केला. त्याच रसायनाने दुसऱ्याचाही गळा धरला असेल तर? ज्यांच्यात पहिला मुळातच नाही, अशा पेशी तपासू."

"आणणार कुठून?"

घरी भांडी आपटत मी हे सगळं सांगितलं. धाकटी खोकता खोकता हसली.

"ताई, माझं नाक काय शोभेला आहे?"

परवानगी मिळाल्यावर डॉक्टरांनी बारीक ब्रशने तिच्या नाकातून पेशी खरवडून दिल्या. मी त्या जाळीवर वाढवल्या, खाली पोषक द्रव आणि वर मोकळी हवा. तिच्यासारखेच त्यांचेही नखरे फार. मापनाच्या दिवशी धाकटी मास्क लावून हट्टाने येऊन बसली. सर हाताची घडी घालून उभे.

आधी पहिल्या चॅनेलला चालना दिली. क्लोराइडचा प्रवाह दाखवणारी पडद्यावरची रेषा ढिम्म. हे ठाऊकच होतं. मग दुसऱ्याला जागं करणारा थेंब सोडला.

रेषा ताडकन उठली! मी आनंदाने ओरडलेच. पण थोड्याच वेळात ती उतरत उतरत पुन्हा तळाला टेकली.

"पहिल्यावाचून त्याचं अडत नाही, मान्य," सर म्हणाले. "पण टिकतोय कुठे? जे टिकत नाही, त्याचं औषध काय करणार?"

धाकटीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तिने हात वर करून सरांना थांबवून ठेवलं.

"सर, माझा तर एकही श्वास पुरत नाही. म्हणून मी घ्यायचं सोडलंय का?"

सरांनी हाताची घडी सोडली. खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले.

"दुसरी जाळी लाव," ते मला म्हणाले. "त्याला टिकवता येतं का पाहू."

मी ती केव्हाच हातात घेतली होती.