भरल्या पोटी उपाशी

लेकरू जेवत नाही, ही तक्रार आता कुठल्या घरात नाही? शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर चंद्रभागाबाईंच्या घरीही तीच रड होती. फरक एवढाच, की तिथं लेकराला मांडीवर घेऊन भरवायला त्याची आई नव्हती.

दिवाळी उरकली तसा चंद्रभागाबाईंचा मुलगा सत्यम आणि सून वनमाला टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. मागच्या हंगामात पाच वर्षांच्या आरोहीला त्यांनी सोबत नेलं होतं, पण उसाच्या फडातल्या थंडीनं पोरीची छाती भरली आणि ती मरता मरता वाचली. म्हणून यंदा वनमालानं काळजावर दगड ठेवून तिला आजीपाशी ठेवलं. ट्रॅक्टर हलला आणि पोरीनं टाहो फोडला. काही केल्या ती गप्प होईना. शेवटी चंद्रभागाबाईंनी तिला कडेवर घेतलं, अभिमन्यूच्या दुकानात नेलं आणि स्ट्रॉबेरीच्या वासाच्या मलईचं एक गुलाबी पाकीट तिच्या हातात दिलं. पोरीनं दातानं कोपरा फोडला, मलई चोखली आणि तिचे हुंदके थांबले.

तेव्हापासून तीच रीत पडून गेली. पोरीला आईची आठवण आली की पाकीट. भाकरी नको म्हणाली की पोळीवर पिळून पाकीट. सांजच्याला वनमालाचा फोन यायचा, तेव्हा तीही तिकडून तेच सांगायची, "आत्याबाई, रडू नका देऊ तिला. मलई द्या. तेवढं तरी माज्या लेकराला मिळू द्या." दिवसभर कोयता चालवून सुनेचा आवाज बसलेला असे. तिचं मन चंद्रभागाबाईंना मोडवत नसे.

त्यांना त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. पाकिटावर दुधानं भरलेली बरणी होती, शेजारी हिरव्या कुरणात उभी गाय होती. मलई म्हणजे दुधाचं सार, आणि दुधाचं सार लेकराच्या पोटात गेलं तर वाईट काय? खुद्द त्यांच्या दारात तांबू नावाची गाय होती. पण तिचं दूध चहापुरतं ठेवून बाकीचं डेअरीला जायचं. घरच्या दुधावरच्या सायीकडे आरोही बघतही नव्हती. तिला गोड लागायची ती गुलाबी.

रिकामं पाकीट उकिरड्यावर जायचं. वस्तीतल्या साऱ्याच घरांमागं तेच होतं, कारण साऱ्याच घरांत आजी-आजोबा आणि नातवंडं मागं उरली होती. वारा सुटला की पाकिटं उडत, बाभळीच्या काट्यांत अडकत. शेण कुजून खत व्हायचं, राख मातीत मिळायची; ही पाकिटं मात्र जशीच्या तशी राहायची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

संक्रांत मागं पडली. आरोहीचे गाल वर आले होते, त्याचं आजीला कौतुक होतं. पण पोर खेळताना मध्येच खाली बसू लागली. पायरी चढताना धापा टाकू लागली. चंद्रभागाबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, नजर काढली. एके दिवशी अंगणवाडीत ती उभ्या उभ्या कोसळली, तेव्हा तिला उपकेंद्रात न्यावं लागलं.

तिथल्या नर्स शिवकन्याताई नांदूरघाटच्या. त्यांनी पोरीची खालची पापणी ओढून पाहिली, बोटातून थेंब काढून रक्त तपासलं. रक्त फार कमी होतं. दोन दाढा किडलेल्या होत्या. पोर दिवसभर काय खाते, असं त्यांनी विचारलं. आजीनं अभिमानानं सांगितलं, "मलई खाती. त्यात कमी न्हाई पडू दिलं."

शिवकन्याताईंनी आजीच्या पिशवीतून डोकावणारं पाकीट मागून घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"आजी, वर बरणी काढली हाय, पण आत दूध नावालाच. पहिली साखर, मग पामतेल. घट्टपणा यावा म्हणून डिंकासारखे पदार्थ, वरून रंग आन वास. सायीचं यात काई न्हाई."

"मग सरकार इकू देतंय कावून? इख असतं तर बंद केलं असतं की."

"इख न्हाईच हे. कधीमधी सणावारी एखादं खाल्लं तर लेकरू मरत न्हाई. पण इख न्हाई म्हणजे अन्न झालं का? ह्यानं भूक मरती, आन रक्त वाढायला जे लागतं ते तर ह्यात काईच न्हाई. दारात गाय असून तिचं दूध डेअरीला घालता, आन पोरीला हे देता?"

चंद्रभागाबाईंना ते बोलणं झोंबलं. आईवाचून राहिलेलं लेकरू कसं सांभाळतात, हे पगारी माणसाला काय कळणार, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. शिवकन्याताईंनी लोहाच्या औषधाची बाटली दिली, घरी येऊन जाईन म्हणाल्या. औषध त्या दिवसापासून सुरू झालं. पाकीटही सुरूच राहिलं.

पुढच्याच आठवड्यात तांबूनं वैरण सोडली. गव्हाणीत हिरवं कडवळ टाकलं तरी तोंड लावीना. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. गोडं तेल पाजलं, हिंग दिला. गुण आला नाही. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी लिंबाखाली कूस उघडून हात आत घातला. वस्ती भोवती गोळा झाली होती. डॉक्टरांनी ओढायला सुरुवात केली आणि दोरखंडासारखा पिळा पडलेला गठ्ठा बाहेर येऊ लागला. कॅरीबॅगा होत्या, सुतळी होती, आणि त्यांच्यात वेटाळलेली पाकिटं. इतके दिवस पोटात राहूनही त्यांचा गुलाबी रंग गेला नव्हता.

घमेलं भरलं, तरी डॉक्टरांचा हात थांबेना. गाय मात्र त्याआधीच मान टाकून मोकळी झाली होती.

हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "पोट गच्च भरलेलं होतं मावशी, म्हणून तिला भूकच लागत नव्हती. पण अंगाला लागंल असं आत काईच न्हवतं. भरल्या पोटी उपाशी मेली ती."

भरल्या पोटी उपाशी! चंद्रभागाबाईंनी मान वळवली. ओट्यावर आरोही भिंतीला टेकून बसली होती. गाल वर आलेले, ओठ पांढरे. हातात नुकतंच फोडलेलं पाकीट. त्या ओट्यापर्यंत गेल्या, पोरीच्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि तिला छातीशी धरून खाली बसल्या. पोर पाकिटासाठी रडत होती, आजी कशासाठी रडतेय ते तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवकन्याताई आपणहून घरी आल्या. चंद्रभागाबाई त्यांच्या नजरेला नजर देऊ शकल्या नाहीत. "ताई, म्या माज्या हातानं केलं हे," एवढंच त्या म्हणाल्या. शिवकन्याताई त्यांच्याजवळ बसल्या. तुम्ही मायेनंच दिलं, म्हणाल्या, पण पाकीट तयार करणाऱ्यांनी तुमच्या मायेचाच हिशेब केला होता. बरणीचं चित्र तुमच्यासाठीच काढलं होतं. मग त्यांनी काय खाऊ घालायचं ते सांगितलं. त्यातलं काहीच बाजारातून आणायचं नव्हतं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शेतातली हिरवी भाजी, मटकीची उसळ, वरून लिंबू.

सांगणं सोपं होतं, करणं नाही. आरोहीनं कितीतरी दिवस घास थुंकला. दूध द्यावं तर तांबूची दावण रिकामी. शेजारच्या बायडाबाईंकडून वाटीभर दूध आणताना, सारं दूध डेअरीला घातल्याचं आठवून चंद्रभागाबाईंचा जीव जळायचा. त्यांनी अभिमन्यूला पाकिटं ठेवू नको म्हणून विनवलं. तो म्हणाला, "मी न्हाई ठेवली तर पुढच्या वस्तीवरचा ठेवील." तो खोटं बोलत नव्हता. दुकानात पाकिटं लटकतच राहिली. काही घरांनी घेणं सोडलं, काहींनी नाही. वस्तीमागचे उकिरडे बायांनी एकदा वेचून काढले, तरी बाभळींवरची पाकिटं तशीच फडफडत होती.

सगळ्यात अवघड होतं ते वनमालाला सांगणं. फोनवर सारं ऐकून ती म्हणाली, "आत्याबाई, मी इतक्या लांबून तिला दुसरं काय देऊ शकत होते? तेवढंच तर माज्या हातात होतं."

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "ती जेवायला बसली की तू फोन कर. तुजा आवाज ऐकत खाती का बघू."

आणि तसंच झालं. फडातून कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, आल्या आल्या वनमाला फोन लावायची. आजी घास पुढं करायची, आई तिकडून बोलत राहायची. कधी दोन घास जायचे, कधी चार. कधी आईचा आवाज ऐकून पोर जास्तच रडायची आणि ताट तसंच उचलावं लागायचं.

गुढीपाडव्याला टोळी परतली. ट्रॅक्टरमधून उतरलेल्या वनमालाकडे आरोही आधी नुसती बघत राहिली. आईचा चेहरा उन्हानं काळवंडला होता, हात उसाच्या पाचटानं कापले होते. वनमालानं तिच्यासाठी काहीही आणलं नव्हतं. तिनं हात धुतले, चुलीपुढं बसून भाकरी थापली, गरम पापुद्रा मोडून फुंकला आणि लेकीपुढं धरला. आरोहीनं तो खाल्ला. मग दुसरा मागितला. वनमालाच्या डोळ्यांना धार लागली, पण भरवणारा हात थांबला नाही.

पोरीचं रक्त अजून भरायचं आहे. किडलेल्या दाढा काढाव्या लागल्या. तांबू गेली ती गेली, आणि दिवाळीनंतर टोळी पुन्हा जाणार, हेही चुकत नाही.

मित्रहो, ज्या आईबापांना लेकरं मागं ठेवून जावं लागतं, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यांच्या नसण्याची जागा साखर, तेल आणि रंगानं भरून काढणारं पाकीट आपल्याही घरात येतं, आपल्याही हातून उकिरड्यावर जातं. चित्र पाहून घेऊ नका, मागची अक्षरं वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. पोट भरणं आणि पोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुकं जनावर हे सांगू शकलं नाही, आणि लहान लेकरूही सांगू शकत नाही. ते आपणच ओळखायचं असतं, वेळ आहे तोवर.