मिस्टर सग्डन यांना काही घाई नव्हती

"नाही, नाही, आधी या बाईंचं बघा," असं म्हणून मिस्टर सग्डन काउंटरपासून दोन पावलं मागे सरकले.

त्या बाईंच्या कडेवर खोकणारी मुलगी होती. त्यांचं झालं. मग पाय मुरगळलेला एक पोस्टमन होता, त्यालाही त्यांनी पुढे जाऊ दिलं. आमच्याकडे रांग म्हणजे देवाचं काम. मध्ये घुसणाऱ्याला आम्ही खुन्यापेक्षा एकच पायरी वर धरतो. अशा गावात एका शहाण्या माणसाने दोनदा आपला नंबर सोडला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण सकाळचे पावणेनऊ झालेले, दोन्ही फोन वाजत होते आणि माझा चहा गार होत होता.

शेवटी ते पुढे आले, टोपी काढून हातात धरली.

"गुड मॉर्निंग, मिसेस टॉर्डॉफ. तुम्हाला उगाच त्रास. डॉक्टरांना जमलं तर कधीतरी... काही घाई नाही."

"काय होतंय?"

"छे, विशेष काही नाही. जरा असंच. हवा बदललीय ना."

"गुरुवारी सव्वादहा चालेल?"

"गुरुवार? अगदी उत्तम. फार आभारी आहे. माफ करा हं, तुमचा वेळ घेतला."

ते निघाले. दारापर्यंत त्यांचा एक हात भिंतीवर होता. समोरून कोणी आत येत होतं, तर त्यांच्यासाठी दार धरून ते त्या वाऱ्यात उभे राहिले. मी ते पाहिलं आणि फोन उचलला. दिवस होता मंगळवार.

यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरणीगावातल्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं याच काउंटरमागे बसते आहे. तोंडावर लोक मला मिसेस टॉर्डॉफ म्हणतात, नाताळला कार्ड देतात. पाठीमागे म्हणतात, डॉक्टरांच्या दारातलं राखणीचं कुत्रं. म्हणोत बापडे. कोणाला आज आत सोडायचं आणि कोणाला चार दिवसांनी, हे त्या कुत्र्यालाच ठरवावं लागतं. आणि आमची माणसं आपलं दुखणं सरळ सांगतील तर शपथ. 'मेलो, मेलो' करत येतो त्याला सर्दी असते. 'फारसं बरं नाही' म्हणणाऱ्याला ताप असतो. 'चाललंय, तक्रार करून काय उपयोग' म्हणणाऱ्याचं हाड मोडलेलं असू शकतं. आणि जो 'उगाच त्रास देतोय' म्हणत माफी मागतो, त्याला खुर्ची द्यावी आणि डॉक्टरांना ताबडतोब हाक मारावी. हे मी ग्लेनिसला ती इथे लागली त्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आणि त्याच तोंडाने मी मिस्टर सग्डन यांना गुरुवार दिला.

साडेनऊच्या सुमारास मी त्यांचं कार्ड काढलं. क्लेमेंट सग्डन, वय त्र्याहत्तर, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर, निवृत्त. बायको ईडिथ चार वर्षांपूर्वी गेली, तिच्यासाठी ते दर आठवड्याला यायचे. स्वतःसाठी अकरा वर्षांत एकदाही नाही. कार्ड हातात घेऊन मी बसून राहिले.

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय बसलीस?" ग्लेनिस म्हणाली. ती वेल्सची. तिच्या तोंडाला दार नाही, आणि कधी कधी मला त्याचा हेवा वाटतो.

"सग्डनना मी गुरुवार दिला."

"मग?"

"त्यांनी माफी मागितली, ग्लेनिस. आणि नंबर सोडला. दोनदा."

ग्लेनिसने हातातली फाईल खाली ठेवली.

तिला मिसेस हॉइलची गोष्ट माहीत होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी अशीच माफी मागितली, मी शुक्रवार दिला, आणि बुधवारी त्या गेल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आली. कार्डावर लिहिलं होतं, 'आईला तुमचा फार आधार होता.' तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर मला झोप तरी लागली असती. त्यातलं एक बिस्कीटही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

मी मिस्टर सग्डन यांना फोन लावला. आमच्या वयाची माणसं फोन उचलला की आधी स्वतःचा नंबर सांगतात, मग बोलतात.

"पाच, सहा, दोन..." पुढे काही नाही. नुसता श्वास. "...चार, सात."

"मिस्टर सग्डन, मी दवाखान्यातून बोलतेय. कसे आहात?"

"मस्त! तुम्ही कशा आहात? तुमच्या बागेची भिंत झाली का बांधून?"

"होतेय. मी मस्त आहे."

"वा, छान."

"छान."

मी फोन ठेवला.

"अगं, सरळ विचारायचं ना, छातीत दुखतंय का म्हणून!" ग्लेनिस खेकसली.

"असं कसं विचारणार? आणि त्यांना विचारलं तर ते सांगणार आहेत होय?"

"मग अॅम्ब्युलन्स पाठव."

"आणि काही नसलं तर? अख्ख्या गल्लीसमोर भोंगा वाजत जाईल. पुन्हा ते तोंड दाखवायचे नाहीत, ग्लेनिस. पुढच्या वेळी दुखलं तर मरतील, पण यायचे नाहीत."

"तुम्ही इंग्रज ना! घराला आग लागली तरी बंबवाल्याला आधी पत्र लिहाल. 'आपल्या सोयीने यावे.'"

डॉक्टर घरभेटींवर गेले होते. त्यांच्यासाठी दोन घरी निरोप ठेवला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. एका बाईंना मी चुकीच्या मुलाची तपासणीची वेळ दिली. माझी जेवणाची सुट्टी साडेबाराला असते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी ती बाराला घेतली आणि कोट घालता घालताच बाहेर पडले.

मिस्टर सग्डन राहतात ती गल्ली पुढे कालव्याच्या भिंतीशी संपते. तिथून पुढे कुठेही जाता येत नाही. तरी त्यांनी दार उघडल्यावर मी म्हणाले, "इकडूनच चालले होते."

"हो का? बरं झालं आलात," ते म्हणाले. पायांत सपाता होत्या, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. "चहा टाकतच होतो. येता का आत?"

"छे, छे. तुम्हाला उगाच."

"उगाच कसलं? या की."

"नको, खरंच."

"अहो, या तर."

"बरं. पाचच मिनिटं."

एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोणाचा उंबरा ओलांडत नाही. मी मनात मोजत होते. अर्धं मिनिट त्यात गेलं.

त्यांनी मला पुढच्या खोलीत बसवलं. ही खोली पाहुण्यांची, नाहीतर मयताला आलेल्यांची, एरवी बंदच. आत थंडगार होतं. कपाटातले सोनेरी काठांचे कप त्यांनी माझ्यासाठी काढले आणि आत गेले. स्वयंपाकघरात चमचा पडला. मग काहीतरी फुटलं. मी पर्स मांडीवर धरून तशीच बसून राहिले, कारण परक्याच्या स्वयंपाकघरात न बोलावता जाणं आमच्याकडे त्याच्या निजायच्या खोलीत शिरण्यासारखंच. आज त्या बसण्याची मला लाज वाटते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती मरणाचीही सख्खी बहीण आहे.

ते ट्रे घेऊन आले. कप बशीत खुळखुळत होते. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि त्या गार खोलीत त्यांच्या ओठावर घाम होता.

"थोडा सांडला. माफ करा हं."

"अहो, त्यात काय!"

"आज रात्री पाणी गोठेल म्हणतात."

"हो, पण दिवसा बरं होतं."

"त्या मानाने बरंच." मग थांबून, धाप घेत, "गेल्या वर्षी याच सुमारास जास्त होतं."

मी मान हलवली. दोन म्हातारी माणसं हवेबद्दल बोलत होती आणि त्यातला एक मरत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचा डावा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता. मी चहाचे दोन घोट घेतले. तिसऱ्या घोटाच्या आधी त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे करायला उचलली, आणि ती त्यांना उचलेना.

मी उठले आणि घरातल्याच बोळातल्या फोनकडे गेले. त्यांना विचारलं नाही.

"मिसेस टॉर्डॉफ! अहो, राहू द्या. त्या लोकांना खरेखुरे आजारी बघायचे असतात. मी आपला जरा पडलो की..."

"गप्प बसा!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मी पत्ता सांगितला, वय सांगितलं, छाती म्हटलं, लवकर म्हटलं, एकदाही 'कृपया' म्हटलं नाही. मग परत येऊन त्यांच्या गळ्याचं बटण काढलं. ईडिथनंतर कोणी त्यांच्या कॉलरला हात लावला नसेल.

"चार वर्षांत मला कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं," ते म्हणाले आणि कसंनुसं हसले.

"कधीपासून दुखतंय?"

"रविवारपासून."

"रविवार! आणि आज आलात?"

"रविवारी कसा कोणाला त्रास देणार? आणि सोमवारी तुमच्याकडे गर्दी असते ना."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मला रडावंसंही वाटलं. मी बशी उचलून टेबलावर ठेवली.

अॅम्ब्युलन्स नवव्या मिनिटाला आली. बोळ अरुंद आहे म्हणून मिस्टर सग्डन यांनी दोन्ही माणसांची माफी मागितली. जिन्यापाशी सायकल होती, तिचीही मागितली. त्यातल्या दाढीवाल्याने त्यांना स्ट्रेचरवर घेत मला विचारलं, "तुम्ही घरच्या का?"

मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले. "पाहुण्या आहेत. त्यांचा चहा अर्धाच झालाय."

मग त्यांच्या तोंडावर मास्क चढवला. मला त्यांचा हात धरायचा होता. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, जे आधीच सारखं होतं. गाडी गेली.

दार उघडंच होतं, म्हणून मी पुन्हा आत गेले. गॅस बंद केला. स्वयंपाकघरातले फुटलेल्या बशीचे तुकडे उचलले. मग पुढच्या खोलीत, कोट अंगात असतानाच बसले आणि तो गार चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. कप धुऊन, पुसून कपाटात ठेवला, दार ओढून घेतलं आणि दवाखान्यात परत आले. ग्लेनिसने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाजत असलेला फोन स्वतःच उचलला.

दुपारभर मी हिशेब घालत होते. पावणेनऊला मी उठले असते तर. साडेनऊला फोनवर ओरडले असते तर. त्या सोफ्यावर बसलेच नसते तर.

पावणेचारला फोन वाजला. हॉस्पिटलमधली एक तरुण मुलगी होती.

"मिसेस टॉर्डॉफ बोलताय का? तुम्हाला कामात अडवतेय, फार वाईट वाटतंय मला. आत्ता दोन मिनिटं बोललं तर चालेल का? तुमच्या आजूबाजूला कोणी आहे ना?"

आमच्याकडे इतक्या अदबीने एकच बातमी सांगतात. बिचारी घाबरली होती, शब्द जुळवत होती. मला दुपारसारखं ओरडायचं होतं, इतक्या जोरात की कालव्यापर्यंत ऐकू जावं. समोर रांगेत सात माणसं उभी होती, सगळी खाली बघत, माझं बोलणं आपल्या कानावर पडत नाही असं दाखवत.

"हो, चालेल ना," मी म्हणाले. "सांग तू, बाळ. मला मुळीच त्रास नाही."